ठक्कर बाजारजवळचा 'प्रवासाचा डबा' : भाकरी, उसळ, अख्खी काकडी आणि थोडी कुरकुर

आधी रेटिंग सांगून टाकतो, पाचपैकी चार. अर्धा मार्क मिठासाठी कापलाय आणि अर्धा लाडवासाठी, का ते पुढे येईलच.

माझं कामानिमित्त नाशिक-पुणे, नाशिक-धुळे, कधी मुंबई असं सारखं चालू असतं (द्राक्षवाल्यांना औषधं-खतं विकायचा धंदा, सीझनमध्ये तर घरी फक्त झोपायला येतो) आणि मागच्या वर्षी एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची टेस्ट) ६.१ आल्यावर डॉक्टर म्हणाले की ५.७ ते ६.४ च्या मधे आहात, म्हणजे डायबिटीस अजून झालेला नाही पण दारात उभा आहे. बायको म्हणाली बाहेरचं खाणं बंद. आता बंद म्हणायला काय जातंय, पण पहाटे सहाची गाडी असली तर ती बिचारी काय चारला उठून भाकऱ्या थापणार का, आणि मला तर थापताच येत नाहीत. मग एका गाववाल्याने हा डबा सांगितला.

जागा म्हणजे दुकान म्हणावं असं काही नाहीये. नाशिकच्या ठक्कर बाजार एसटी स्टँडवरून चालत पाच मिनिटांवर जुन्या बिल्डिंगखाली एक शटर, आत दोन शेगड्या, एक परात, दोघी मावशी आणि त्यांच्यातल्या एकीचा मुलगा हिशोबाला. बसून खायची सोय नाही. आदल्या रात्री नऊच्या आत व्हॉट्सअॅपवर ऑर्डर टाकायची, सकाळी साडेपाचपासून डबा मिळतो. भिंतीवर एफएसएसएआयचा (खाद्य परवान्याचा) १४ आकडी नंबर लावलेला आहे, मी बघून घेतला, तुम्हीपण कुठेही बघत जा, लाज वाटायचं कारण नाही.

साधा डबा ११० रुपये. त्यात दोन भाकऱ्या (ज्वारी किंवा नागली म्हणजे नाचणी, ऑर्डर देतानाच सांगायचं), मटकीची सुकी उसळ, शेंगदाण्याची नाहीतर लसणाची कोरडी चटणी, एक अख्खी काकडी आणि एक फळ, बहुतेक वेळा पेरूच. बास. भात नाही, पापड नाही, लोणचं नाही, ते गोड बुंदीचं पाकीट नाही.

काकडी अख्खी का देता, चिरून द्या की, असं मी विचारलं होतं तर मावशी म्हणाल्या, "दादा, चिरली की पाणी सुटतं, मीठ लावलं तर अजून सुटतं, संगमनेर येईस्तोवर डब्यात नुसता चिखल. धुतलीये स्वच्छ, तशीच कचाकचा खा." तेव्हाच मला वाटलं की या बाईला प्रवासाचं जेवण कळतं. उसळीत ओलं खोबरं घालत नाहीत, उतरतं म्हणून. कांदा वेगळा देतात, तोही सोललेला पण न चिरलेला, बुक्कीने फोडायचा (गाडीत बसून बुक्की मारायला जमत नाही हा भाग वेगळा, शेजारचा दचकतो). आणि मार्च संपला की उसळच बंद. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नका असं डब्ल्यूएचओवाले सांगतात, आणि इथे एप्रिलच्या उन्हात खिडकीशी पिशवी टांगलेली असते, त्यात मटकीचं काय होत असेल विचार करा. त्यामुळे उन्हाळ्यात उसळीच्या जागी फुटाणे आणि भाकरीच्या जागी धपाटे किंवा दशम्या. थंडीत मी उसळ घेतो पण आठच्या आत खाऊन मोकळा होतो, दुपारपर्यंत ठेवायची भानगडच नाही.

भाकरीबद्दल स्पष्ट सांगतो. ज्वारीची ठीक, गरम असताना छान, तीन तासांनी चिवट. नागलीची चवीला सगळ्यात भारी, खरपूस, सुरगाणा-पेठकडची असते तशीच, पण गार झाली की कडक होते, दातांचा प्रॉब्लेम असणाऱ्यांनी नाद करू नये. दशमी मात्र दुधात मळलेली असल्यामुळे दुपारपर्यंत मऊ राहते, आपल्या आज्या उगीच नव्हत्या दशम्या बांधून देत. माझ्या आईला शिर्डीला नेलं तेव्हा तिने डबा उघडून पहिली दशमी दोन बोटांत दाबून बघितली, मग वास घेतला, मग म्हणाली "बरी आहे". तिच्याकडून बरी म्हणजे फुल मार्क.

नागलीवरून एक सांगायचंय. कॅल्शियमला तोड नाही, १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, दुधाच्या दुपटीहून जास्त. पण २०२३ चं भरडधान्य वर्ष झाल्यापासून जो तो सांगत सुटलाय की नागली खा, शुगर वाढतच नाही, ते काही खरं नाही हो. बारीक दळलेलं पीठ शेवटी पीठच. मी जेवणानंतर दोन तासांनी घरच्या मशीनवर चेक करतो, भाकरीबरोबर उसळ आणि काकडी सगळी संपवली तर आकडा बरा असतो, उसळ बाजूला सारून नुसती भाकरी-चटणी हाणली की सरळ वर. म्हणून या डब्यात मला सगळ्यात आवडतं ते हे की उसळ भरपूर आहे, वाटीभर तर नक्कीच, दोन चमचे नावाला टेकवलेली नाही. बाकी ठिकाणी 'हेल्दी थाळी' म्हणून देतात त्यात हिरवं पान आणि बिटाची चकती मोठी असते, डाळ-कडधान्य शोधावं लागतं.

आता खरा फायदा. पुण्याच्या गाड्या सिन्नर सोडून पुढे कुठेतरी हॉटेलवर थांबतात आणि तिथे आपण काय खाणार हे आपल्या डॉक्टरच्या हातात नसतं, तिथल्या कढईच्या हातात असतं. एसटीची ती ३० रुपयांत चहा-नाश्त्याची योजना आहे अधिकृत थांब्यांवर, चांगली आहे, गरीब माणसाची सोय होते, पण त्यात पोहे, शिरा, उपमा, वडापाव, इडली, म्हणजे फिरून फिरून रवा, तांदूळ, मैदा, बटाटा. आणि तेसुद्धा एका थांब्यावर (नाव घेत नाही) मागितलं तर "तो नाश्ता संपला, भजी घ्या गरम आहेत" हे ऐकायला मिळालं, सकाळी आठ वाजता संपला म्हणे. भुकेल्या पोटी तिथे उतरलो की संपलं, हात आपोआप भज्यांकडे जातो. त्यामुळे माझा नियम असा झालाय की गाडी थांबायच्या आधी डबा संपवायचा, मग खाली उतरून फक्त पाय मोकळे करायचे आणि बिनसाखरेचा चहा. डबा मांडीवर धरून ठेवून "पुण्यात पोचल्यावर खाऊ" म्हणणारे लोक शेवटी भजीपण खातात आणि डबापण.

आता कुरकुर. पहिली, मीठ. चटणीत मीठ, उसळीत मीठ, दोन्ही सढळ हाताने. दिवसाला ५ ग्रॅम म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा मीठ बास म्हणतात, इथे निम्मं काम नाश्त्यालाच होत असेल असं वाटतं. चार-पाच तास पाय खाली सोडून बसायचं, त्यात मीठ जास्त, बूट काढले की मोजे रुतलेले दिसतात. वर तहान लागते, आणि बाया तर थांब्यावरच्या संडासांच्या भीतीने पाणीच पीत नाहीत, तो विषय वेगळाच आहे, त्यावर एसटीने काहीतरी करावं. मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, ऑर्डरमध्ये 'कमी मीठ' लिहून पाठवत जा, तेव्हापासून लिहितो, चार वेळा पाठवलं तर तीन वेळा लक्षात ठेवतात.

दुसरी, लाडू. काउंटरवर बरणी आणि वर चिठ्ठी 'शुगर फ्री नागली लाडू', ३० रुपयाला एक. खाल्ला तर जिलबीला लाजवेल इतका गोड. म्हटलं मावशी यात काय आहे, तर म्हणाल्या, "गूळ आहे दादा, साखरेचा कणसुद्धा नाही." अहो गूळ काय उसाशिवाय झाला का, रक्तात गेल्यावर तो थोडीच सांगतो मी सेंद्रिय आहे म्हणून. लाडू म्हणून चांगला आहे, पोरांना द्या, ट्रेकला न्या, पण शुगरवाल्या माणसाला शुगर फ्री म्हणून विकू नका. चिठ्ठी अजून तशीच आहे.

बाकी बारीकसारीक. लसणाची चटणी एसी गाडीत उघडू नका, अख्खी बस वळून बघते. चमचा देत नाहीत. डबा स्टीलचा हवा असेल तर १५० डिपॉझिट, परत दिला की पैसे परत, नाहीतर बटर पेपरमध्ये बांधून देतात, पेपरच्या रद्दीत नाही ही फार चांगली गोष्ट, ती शाई पोटात जाते. नाशिकरोडला डिलिव्हरी नाही, त्यामुळे पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाणाऱ्यांच्या उपयोगाचा नाही, तेवढ्यासाठी आधी इकडे येऊन मग स्टेशन गाठणं परवडत नाही. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांना मात्र जरूर घ्या म्हणेन, जून २०२५ ला समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झाल्यापासून बरेच जण त्याच रस्त्याने जातात आणि तिथे जुन्या हायवेसारखी पावलोपावली हॉटेलं नाहीत, भूक लागली तर बसा बोगदे मोजत.

११० जास्त वाटतात का, मला नाही वाटत. स्टँडवर मिसळ-पाव आणि चहात तेवढे जातातच (मिसळीशी माझं भांडण नाही, रविवारी घरच्यांबरोबर खातोच, तर्री कमी घेऊन). २०२७ च्या सिंहस्थात रेट वाढवणार का विचारलं तर मुलगा नुसता हसला.

रविवारी बंद असतं. दशम्या हव्या असतील तर नऊची वाट बघू नका, सातच्या आत सांगा, दूध तेवढ्यापुरतंच घेतात.