आययूआय की आयव्हीएफ? आधी दोघांची फाईल बघा

दोन वर्षं चान्स घेत होतो. माझी फाईल फुगत गेली. सहा महिने गोळ्या, बीज फुटतंय का ते बघायला सोनोग्राफीच्या फेऱ्या, पण त्या फाईलमध्ये नवऱ्याचा एकही कागद नव्हता. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही काही कारण असतं, हे आम्हाला उशिरा कळलं.

म्हणून वीर्य तपासणी पहिली. स्वस्त, बिनदुखण्याची. आधी दोन ते सात दिवस वीर्य बाहेर पडलेलं नसावं. नमुना घरी घेतला तर तासाभरात लॅबमध्ये पोचवायचा, डबी शर्टाच्या आत, अंगाच्या उबेला ठेवून. (लोकलच्या गर्दीत हे करून बघा!) रिपोर्ट खराब आला तर पुन्हा करायचा, एकावर निकाल लावायचा नाही.

मला भीती गर्भाशयाच्या नळ्यांच्या एक्स-रेची, म्हणजे एचएसजीची होती. पाळी थांबल्यावर, बीज फुटायच्या आत करतात. पाळीसारखी जोरात कळ येते, काही मिनिटांत ओसरते. एएमएच ही रक्ताची तपासणी. बीजांचा साठा किती उरलाय एवढंच ती सांगते. आकडा कमी म्हणजे दिवस राहणारच नाहीत असं नव्हे.

आता मुख्य प्रश्न. आययूआयमध्ये धुऊन निवडलेले शुक्राणू बारीक नळीने गर्भाशयात सोडतात. भूल नाही, त्याच दिवशी कामावर जाता येतं, खर्च हजारांत. पण निदान एक नळी उघडी हवी, आणि एका खेपेला शंभरातल्या दहा-पंधरा जणींनाच दिवस राहतात. आयव्हीएफला दहा-बारा दिवस इंजेक्शनं, भूल देऊन बीजं काढणं, लॅबमध्ये शुक्राणूंशी जुळवून तीन किंवा पाच दिवस वाढवलेला गर्भ आत सोडणं. खर्च लाखाच्या पुढे.

अठ्ठावीस वय, पीसीओडी (बीज वेळेवर न फुटण्याचा त्रास), नळ्या मोकळ्या, नवऱ्याचा रिपोर्ट बरा, तर आयव्हीएफची घाई कशाला? आधी गोळ्या, मग तीन-चार आययूआय. दोन्ही नळ्या बंद (आपल्याकडे टीबीनेही होतात) किंवा शुक्राणू फारच कमी असतील तर मात्र आययूआयवर पैसे घालवू नका. अडतिशीत तर महिनेही मोजून वापरायचे.

पॅकेजमध्ये इंजेक्शनं आणि गर्भ गोठवणं धरलंय का, हे लिहून घ्या. 2021 च्या एआरटी कायद्याखालची (अशा उपचारांसाठीचा कायदा) सेंटरची नोंदणीही बघा: लेव्हल 1 च्या ठिकाणी फक्त आययूआय होतं. तिथे 'आयव्हीएफही करून देतो' म्हणाले तर नेमकं कुठे, हे विचारा.