गाडीचा प्रश्न कुठे विचारायचा: जुन्या फोरमवर की सोशल मीडियावरच्या ग्रुपमध्ये?

हौसेने एखादी जुनी गाडी घेतली, किंवा नवीच घेतली पण स्वतः पाना हातात धरायची आवड आहे, तर महिन्याभरातच प्रश्न पडतो: विचारायचं कुणाला? पंधरा-वीस वर्षांपूर्वी याला एकच उत्तर होतं. आपल्या मॉडेलचा फोरम, म्हणजे त्या गाडीच्या मालकांची चर्चेची वेबसाइट, शोधायचा, नाव नोंदवायचं, जुने धागे, म्हणजे एकेका विषयावर झालेली चर्चा, वाचायचे आणि मग तोंड उघडायचं. आज फेसबुक, व्हॉट्सॲप, रेडिट, डिस्कॉर्ड, यूट्यूब असे कितीतरी दरवाजे आहेत, आणि फोरम म्हणून काही असतं हेच अनेक नव्या गाडीवेड्यांना माहीत नसतं. फोरम ओस पडत चालले आहेत हे खरंच आहे. तरीही ते सोडून द्यावेत का, आणि सोडले तर हातातून नेमकं काय जातं, हे कुठेतरी नाव नोंदवण्याआधी पाहिलेलं बरं.

माझं मत आधीच सांगून टाकते. गाडी दहा-बारा वर्षांहून जुनी असेल, किंवा मुळातच कमी संख्येने बनलेली असेल, तर आधी फोरम धुंडाळा, मग बाकीकडे वळा. गाडी नवी असेल तर क्रम उलटा. नव्या मॉडेलचे बरेचसे मालक फोरमवर आलेच नाहीत, ते थेट फेसबुक आणि रेडिटवर जमले. त्यामुळे त्या गाड्यांबद्दल जे काही कळलेलं आहे तेही तिकडेच आहे.

एकच बिघाड, वेगवेगळ्या ठिकाणी

समजा, इंजिनचा दिवा लागला. स्कॅनर लावला, कोड आला पी०१७१. याचा अर्थ एवढाच, की इंजिनच्या पहिल्या बँकेत, म्हणजे सिलिंडरच्या पहिल्या रांगेत, मिश्रण पातळ झालंय, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. कोड लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. हवा आत नेणाऱ्या इनटेकच्या रबरी नळीला, म्हणजे बूटला, तडा गेला असेल, व्हॅक्यूमची एखादी बारीक नळी निसटली असेल, आत येणारी हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर मळला असेल किंवा फ्यूल पंप थकला असेल. इंजिनच्या पोटातली वाफ ओढून घेणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्वचा पडदाही फाटलेला असू शकतो.

फेसबुक ग्रुपवर हा प्रश्न टाकला की काही मिनिटांत उत्तरं यायला लागतात. सेन्सर बदला. माझ्याही गाडीत हेच झालंय. प्लग बघितलेत का? आमच्याकडे घेऊन या. यातलं एखादं उत्तर बरोबरही असतं, पण ते कोणतं हे ओळखायला जे लागतं तेच विचारणाऱ्याकडे नसतं. दोन दिवसांत पोस्ट खाली सरकते, पुढच्या आठवड्यात दुसरा कुणी तोच कोड घेऊन येतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. पहिल्याची गाडी शेवटी कशाने सुटली, हे बहुतेक वेळा ग्रुपला कळतच नाही.

जिवंत फोरमवर पहिलं उत्तर यायला एखादा दिवस जाईल, पण ते बहुधा उलट प्रश्नच असतं: फ्यूल ट्रिम, म्हणजे इंजिनचा संगणक पेट्रोल किती वाढवतोय-घटवतोय त्याचा आकडा, किती दाखवतंय? आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, किती, आणि अडीच हजार आरपीएमवर धरल्यावर किती? या दोन आकड्यांत निम्मं निदान असतं. आयडलवर ट्रिम खूप वर आणि फेरे वाढवल्यावर खाली येत असेल, तर कुठून तरी हवा शिरतेय. फेरे वाढवल्यावर ट्रिम उलट चढत असेल, तर पंप, फिल्टर किंवा एअरफ्लो सेन्सरकडे बघायचं. मग कुणी इनटेकमध्ये धूर सोडून गळती शोधायची चाचणी करायला सांगतो, कुणी आपल्या गाडीतल्या फाटक्या बूटचा फोटो टाकून तडा नेमका कोणत्या घडीत पडतो ते दाखवतो. वरून न दिसणारा, बूट वाकवल्यावरच उघडणारा तडा. आणि मग आठवड्याने मूळ विचारणारा परत येतो आणि लिहितो: बूट बदलला, ट्रिम जागेवर आला, दिवा गेला. धाग्याची खरी किंमत या शेवटच्या प्रतिसादात असते. पुढे कितीतरी वर्षं तो कोड शोधत येणारा प्रत्येकजण तो वाचणार असतो.

रेडिट या दोघांच्या मध्ये बसतं. उत्तर लवकर येतं, गूगलवर सापडतं, आणि वाचकांनी उत्तरांना दिलेल्या मतांमुळे भलतंसलतं तरी खाली जातं. पण मतं आधी आलेल्या आणि ठामपणे लिहिलेल्या उत्तराला लवकर मिळतात. सावकाश विचार करून दुसऱ्या दिवशी लिहिणाऱ्या जाणकाराचं उत्तर तळाशी पडतं आणि कुणी पाहत नाही.

फरक माणसांचा नाही, रचनेचा आहे

फोरमवरची माणसं शहाणी आणि फेसबुकवरची उथळ, असं म्हणणं सोपं आहे, पण चूक आहे. कितीतरी ठिकाणी तीच माणसं इकडून तिकडे गेली. बदलली ती मांडणी.

फोरमवर धागे शेवटच्या प्रतिसादानुसार लागतात. सात वर्षांपूर्वीच्या धाग्यात आज कुणी एक ओळ लिहिली, तर तो पुन्हा पहिल्या पानावर येतो आणि जुने सदस्य पुन्हा त्यात उतरतात. त्यामुळे एका बिघाडाचा एक धागा वर्षानुवर्षं वाढत राहतो, त्यातल्या चुका पुढच्या पानांवर दुरुस्त होतात. सोशल मीडियाची फीड ताज्या आणि खळबळ उडवणाऱ्या मजकुराला वर आणते. तिथे जुनं वाढत नाही, पुन्हा पुन्हा नव्याने जन्मतं. रेडिटवर तर २०२१पर्यंत सहा महिन्यांनी धागा आपोआप बंद व्हायचा आणि पुढे काही लिहिताच येत नसे.

पोर्शे ९११च्या ९९६ पिढीचं उदाहरण याला चपखल आहे. तिच्या एम९६ इंजिनातलं इंटरमीजिएट शाफ्टचं बेअरिंग निकामी होतं आणि कधीकधी अख्खं इंजिन घेऊन जातं. सुरुवातीच्या इंजिनांत हे बेअरिंग दुहेरी रांगेचं होतं, नंतरच्यांत एकेरी रांगेचं आलं आणि ते जास्त धोक्याचं ठरलं. टर्बो आणि जीटी३ला वेगळं इंजिन असल्यामुळे त्यांना ही धास्ती नाही. रेनलिस्ट आणि पेलिकन पार्ट्सच्या फोरमवर या विषयावर वर्षानुवर्षं खल झाला. उघडलेल्या इंजिनांचे फोटो आले, तेलाच्या फिल्टरमध्ये काय सापडतं ते नोंदवलं गेलं, कुठल्या वर्षाच्या गाडीत काय असू शकतं याच्या याद्या झाल्या. ही गाडी घेताना काय तपासायचं, हे आज कुणीही पटकन सांगतो ते त्या खलामुळे. एवढं काम फीडमध्ये उभं राहिलं असतं असं मला वाटत नाही, कारण फीडमध्ये प्रत्येक वेळी पहिल्या पायरीपासून सांगावं लागतं आणि सांगणारा थकतो.

डिस्कॉर्ड, व्हॉट्सॲप आणि यूट्यूब

गाडी जॅकवर आहे, बोल्ट फिरत नाही आणि आत्ताच्या आत्ता कुणाशी तरी बोलायचंय, तर डिस्कॉर्ड किंवा व्हॉट्सॲप यांना तोड नाही. फोटो टाका, लगेच कुणीतरी सांगतो की तो बोल्ट उलट्या आट्यांचा आहे. पण ते बोलणं तिथेच राहतं. डिस्कॉर्डवरच्या गप्पा गूगलला सहसा सापडत नाहीत, आणि व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आपण येण्यापूर्वी काय बोललं गेलं ते सहसा दिसत नाही. तातडीसाठी उत्तम, साठवणीसाठी अजिबात नाही.

यूट्यूब हात कसा फिरवायचा ते दाखवतं. डॅशबोर्डची क्लिप कोणत्या बाजूने उचकटायची, हे शंभर ओळींत सांगण्यापेक्षा दहा सेकंदांत दिसतं. व्हिडिओत चूक राहिली तर ती मात्र तशीच राहते. खालच्या प्रतिसादांत कुणी ती दाखवलेली असते, आणि पाहणारा तिथवर जातोच असं नाही. टॉर्कचे, म्हणजे बोल्ट किती घट्ट आवळायचा त्याचे, आकडे व्हिडिओतून घेऊ नका, एआयला विचारूनही घेऊ नका. ते वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या.

फोरमच्या उणिवा, आडपडदा न ठेवता

नव्या माणसाला फोरमवर मिळालेली वागणूक अनेकदा वाईट होती. भीत भीत विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाला ‘आधी सर्च कर’ एवढंच उत्तर, आणि सर्च तर असं की हवं ते मिळायचंच नाही. फेसबुक ग्रुपमध्ये आल्या आल्या स्वागत होतं, आणि अशा स्वागताने माणसं टिकतात. फोरम रिकामे होण्यात या तुसडेपणाचाही हात आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

दुसरी गोष्ट फोनची. बरेच फोरम व्हीबुलेटिन किंवा पीएचपीबीबीवर उभे होते. दोन्ही सॉफ्टवेअर २०००च्या सुमाराची, टेबलावरच्या संगणकासाठी बेतलेली. गॅरेजमध्ये काढलेला फोटो फोरमवर चढवायचा म्हणजे आधी लहान करा, दुसऱ्या साइटवर टाका, तिथला दुवा आणा. फेसबुकने २०१०मध्ये ग्रुप नव्या रूपात आणले आणि तोच फोटो दोन बोटांत चढू लागला. लोक गेले, यात नवल काही नाही.

फोटोंचा घाव तर फार खोल आहे. फोरमचे कितीतरी फोटो फोटोबकेटवर ठेवलेले होते. जून २०१७मध्ये त्या कंपनीने नियम बदलले आणि दुसऱ्या साइटवर फोटो दिसण्यासाठी मोठी वर्गणी मागितली. कितीतरी धाग्यांत, ‘खालील फोटोत बाण दाखवलाय तिथे’ या वाक्याखाली एक राखाडी चौकट उरली. पुढच्या वर्षी कंपनीने धोरण सैल केलं, पण तोवर अनेक जण खाती सोडून गेले होते. असा धागा वाचताना जीव तुटतो. लिहिणाऱ्याने पायरी न् पायरी टिपलेली असते आणि नेमकं दिसायला हवं तेच नाही.

मालकीही बदलली. व्हर्टिकलस्कोप आणि इंटरनेट ब्रँड्स या कंपन्यांनी हौशी माणसांनी उभे केलेले फोरम एकामागून एक विकत घेतले. जाहिराती वाढल्या, जुने मॉडरेटर दुरावले. २०१६मध्ये व्हर्टिकलस्कोपच्या हजाराहून अधिक साइटवरच्या सुमारे साडेचार कोटी खात्यांची माहिती फुटल्याचं उघड झालं. फोरमवर नाव नोंदवताना दुसरीकडे कुठेही न वापरलेला पासवर्ड ठेवा, तो यासाठी.

म्हणून सोशल मीडिया जास्त टिकाऊ आहे असं मात्र समजू नका. याहू ग्रुप्सवर गाड्यांच्या कितीतरी क्लबांचा पत्रव्यवहार होता. २०१९च्या डिसेंबरात तो साइटवरून काढला गेला आणि वर्षभरात सेवाच बंद झाली. गूगल प्लस त्याच वर्षी एप्रिलमध्ये गेलं. जून २०२३मध्ये रेडिटने बाहेरच्या ॲपवाल्यांना लावलेल्या नव्या दरांविरुद्ध हजारो समुदायांनी दारं लावून घेतली, तेव्हा गूगलवर सापडलेले दुवे उघडेनासे झाले. फेसबुक ग्रुप तर एका ॲडमिनच्या मर्जीवर चालतो.

विकत घेताना

इथे फोरमला अजूनही तोड नाही. जाहिराती फेसबुक मार्केटप्लेसवर जास्त, गाड्या जास्त, सौदा लवकर. पण फोरमवर विकायला आलेल्या गाडीचा अनेकदा स्वतःचा बिल्ड थ्रेड, म्हणजे मालकाने गाडीवरच्या कामाची नोंद ठेवलेला धागा, असतो. क्लच कधी बदलला, सस्पेन्शनला कुठले बुश टाकले, कुठल्या हिवाळ्यात गाडी उभी राहिली आणि का, हे सगळं मालकाने विकायचा विचारही मनात नसताना लिहिलेलं असतं. विक्रीच्या जाहिरातीतलं वर्णन आणि हे यांतला फरक वाचताक्षणी कळतो. जाहिरात फेसबुकवर दिसली तरी गाडीच्या रंगावरून, नंबरावरून किंवा मालकाच्या टोपणनावावरून फोरमवर एकदा शोधून बघाच.

तर ठरवायचं कसं

फोरम जिवंत आहे की नाही, हे मुखपृष्ठावरच्या सदस्यसंख्येवरून कळत नाही. आपल्या मॉडेलच्या विभागात जा आणि शेवटच्या दहा धाग्यांच्या तारखा बघा. प्रश्न आहेत आणि उत्तरंही आहेत, की नुसते प्रश्न लोंबकळताहेत? दोन-तीन गाजलेले जुने धागे उघडून फोटो दिसतात का ते पाहा. विभाग हलता असेल तर नाव नोंदवा आणि तिथेच विचारा. फक्त जुना मजकूर असेल तर ते ग्रंथालय समजून वापरा, ताजा प्रश्न मात्र रेडिटवर किंवा फेसबुकवर न्या.

उपयोगी धागा सापडला की त्याच दिवशी फोटोंसकट उतरवून घ्या, आणि इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्याचा पत्ता टाकून जतन करून ठेवा. फोटो गायब असतील तर तोच पत्ता तिथे शोधून बघा, कधीकधी २०१७पूर्वीची प्रत फोटोंसकट निघते.

फोरम पूर्ण थंडावलेला असेल, तर त्याच्या वरच्या चिकटवलेल्या धाग्यांत मंडळी कुठल्या ग्रुपमध्ये किंवा डिस्कॉर्डवर गेली याचा दुवा बऱ्याचदा असतो. तिकडे गेल्यावर नुसतं ‘पी०१७१ येतोय, काय करू’ असं विचारू नका. जुन्या धाग्याचा दुवा द्या, त्यातलं काय काय करून पाहिलं ते सांगा आणि आपल्या गाडीचे दोन्ही ट्रिमचे आकडे लिहा. एरवी नव्या प्रश्नांवरून नजर फिरवून पुढे जाणारे जुने जाणकार अशा प्रश्नापाशी थांबतात, कारण त्या धाग्यात बहुतेक वेळा त्यांच्यापैकीच कुणीतरी लिहिलेलं असतं.