फ्लश टँकच्या आवाजाचे 9086 रुपये घेतले, आणि आवाजाचा पार्ट बदललाच नाही

हे माझ्या आई-बाबांच्या डोंबिवलीच्या घरी झालंय. बाबांना विचारूनच लिहितेय, कारण कंपनीचे म्हणून येणाऱ्या ह्या खोट्या लोकांची पद्धत इतकी ठरलेली वाटते की उद्या तुमच्याकडेही हेच सगळं याच क्रमाने होऊ शकतं, विशेषतः घरी दोघंच म्हातारे असतील तर.

आधी आवाज कसला होता ते सांगते, कारण सगळा खेळ तिथेच आहे. फ्लश केल्यावर टँक भरत आला की शेवटी शेवटी भोंग्यासारखा घूंSS आवाज यायचा, अँगल कॉकला (टँकला जाणारं पाणी चालू-बंद करायचा भिंतीवरचा छोटा नळ) हात लावला तर थरथर जाणवायची. रात्री कोणी उठलं की सगळं घर जागं. आई-बाबा पहिल्या मजल्यावर राहतात, बिल्डिंग सात मजल्यांची, पाण्याची टाकी गच्चीवर. दहा मीटर उंचीला साधारण एक बार प्रेशर येतं, म्हणजे त्यांच्या नळाला दोन बारच्या आसपास. टँकमध्ये पाणी घेणारा जो कॉक असतो त्याच्या आत एक रबरी वॉशर असतो, तो जुना होऊन कडक झाला की एवढ्या प्रेशरला बंद होता होता फडफडतो आणि त्याचा हा आवाज. बस, एवढंच दुखणं होतं.

बाबांनी मोबाईलवर फ्लश टँकच्या कंपनीचं नाव आणि पुढे कस्टमर केअर असं टाकलं. सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला. ती जाहिरात होती, कंपनीचा नंबर नव्हताच, पण पंच्याहत्तरीच्या माणसाला वर बारीक अक्षरात लिहिलेलं स्पॉन्सर्ड कसं दिसणार? आणि पलीकडून बोलणारी मुलगी कंपनीचं नाव घेऊनच बोलली, कंप्लेंट नंबर दिला, व्हिजिट चार्ज ऑनलाइन भरायला लावला. सगळं अगदी खऱ्यासारखं.

दोघं जण आले. टी-शर्टवर लोगो, गळ्यात आयकार्ड. आल्या आल्या एकाने बाबांना सांगितलं, काका वरचा व्हॉल्व्ह बंद करायला लागेल, वॉचमनला घेऊन जरा गच्चीवर जा. घरातलं अँगल कॉक बंद केलं की टँकचं पाणी बंद होतं, गच्चीवर जायची काहीच गरज नसते! पण बाबा गेले. आई स्वयंपाकघरात, तिला बादलीभर पाणी आणि जुनी फडकी मागितली. बाबा खाली येईपर्यंत टँकचं झाकण निघालेलं, आतलं सामान फरशीवर मांडलेलं, आणि "सगळं गेलंय काका, असंच ठेवलं तर टँकला क्रॅक जाईल, मग टाइल्स फोडाव्या लागतील." टाइल्स फोडण्याचं नाव काढलं की कुठलाही माणूस घाबरतो, ते त्यांना पक्कं माहिती असतं.

बिल असं : कंपनीचं किट 5900, लेबर 1800, वर 18 टक्के जीएसटी 1386. एकूण 9086. पैसे कंपनीच्या खात्यावर नाही, एका माणसाच्या नावाच्या यूपीआयवर. आणि निघलेले जुने पार्ट पिशवीत भरून घेऊन गेले, का तर म्हणे कंपनीत जमा करावे लागतात.

आवाज मात्र खरंच थांबला होता, त्यामुळे आई-बाबा समाधानी. फक्त टँक भरायला खूप वेळ लागायला लागला. आई फोनवर म्हणाली की एकामागून एक दोघांना जायचं असेल तर बादली वापरावी लागते. पुढच्या वेळी मी गेले तेव्हा बघते तर अँगल कॉक जवळजवळ बंद! एखादा धागा पाणी येईल इतकाच उघडा. मी तो पूर्ण फिरवला, फ्लश केलं, आणि तोच आवाज, तस्साच. म्हणजे त्यांनी काय केलं होतं, तर पाण्याचा फोर्स मारून आवाज बंद केला होता. हे कोणीही फुकटात करू शकतं.

मग आम्ही आईच्या ओळखीच्या, जवळच्या हार्डवेअरच्या दुकानात बसणाऱ्या प्लंबरकाकांना बोलावलं. त्यांनी झाकण काढून मला आत बघायला लावलं. पाणी घेणारा कॉक जुनाच होता, त्याच्या आट्यांवर क्षाराचा पांढरा थर तसाच जमलेला, नख लावलं तर खरवडून निघत होता. वरची टोपी तेवढी नवीन कोरी बसवलेली, म्हणजे झाकण उघडून कोणी बघितलं तर नवं दिसावं. आणि मधला फ्लशचा व्हॉल्व्ह, जो चांगला चालत होता, तो काढून तिथे साधा लोकल माल टाकलेला. आपला चांगला ओरिजिनल पार्ट तेच घेऊन गेले!! काकांनी कॉक खोलून वॉशर बदलला, आतली जाळी धुतली, सगळे मिळून तीनशे रुपये घेतले. आवाज बंद, आणि ह्यावेळी अँगल कॉक पूर्ण उघडा ठेवून.

ते म्हणाले, ताई हल्ली अशी बरीच कामं निस्तरतोय. त्यांनीच एक गोष्ट सांगितली ती फार कामाची आहे. फ्लश न करताच मधूनमधून टँक आपोआप भरल्याचा आवाज येत असेल तर तो वेगळा प्रॉब्लेम, खालचं सील गळतंय. टँकमध्ये निळीचे चार थेंब टाकायचे आणि पंधरा-वीस मिनिटं फ्लश करायचं नाही, कमोडमध्ये निळं पाणी उतरलं की समजायचं सील गेलंय. हे आधी करून ठेवलं तर येणारा माणूस काय सांगतोय ते लगेच पडताळता येतं.

बिल नीट बघितलं तर जीएसटी नंबर तेरा अक्षरांचा. खरा नंबर पंधरा अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो, जीएसटीच्या साइटवर टाकला की धंद्याचं नाव दिसतं. म्हणजे जीएसटी म्हणून घेतलेले 1386 सरकारला नाही, सरळ त्यांच्या खिशात. टँकच्या वॉरंटी कार्डावर छापलेल्या कंपनीच्या खऱ्या नंबरवर फोन केला तेव्हा कळलं की त्यांच्याकडे बाबांच्या नावाची कंप्लेंटच नाही.

त्या पहिल्या नंबरवर बाबांनी रागाने फोन केला तर लगेच गोड आवाजात, सॉरी सर, रिफंड देतो, व्हॉट्सअॅपवर फाइल पाठवलीय ती इन्स्टॉल करा. नशीब मी समोर होते, ती एपीके फाइल होती, म्हणजे मोबाईलमध्ये थेट अॅप टाकणारी फाइल. ती उघडली असती तर मोबाईलमधले मेसेज, ओटीपी सगळं त्यांच्या हातात गेलं असतं. 9086 वर भागलं नसतं. पहिल्या फसवणुकीपेक्षा मला ह्याचीच जास्त भीती वाटते, कारण फसलेला माणूस पैसे परत मिळतील म्हणून पटकन क्लिक करतो.

आम्ही सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर बिल, यूपीआय आयडी आणि चॅटचे फोटो टाकले, ग्राहक हेल्पलाइन 1915 वर पण नोंद केली. पैसे अजून आलेले नाहीत. 1930 ला जितक्या लवकर फोन जाईल तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त, आम्हाला कळेपर्यंत बराच वेळ गेला होता.

डोंबिवली, कल्याण, ठाणे भागात कोणाच्या आई-वडिलांकडे असं "कंपनीचं किट" बसवून गेले असतील तर आज जाऊन अँगल कॉक पूर्ण उघडून बघा, बिलावरचा जीएसटी नंबर मोजा, आणि गडबड निघाली तर रक्कम छोटी आहे म्हणून सोडून देऊ नका, तुमचीही तक्रार टाका. एकाच खात्याविरुद्ध चार तक्रारी असल्या की पोलिसांनाही धागा जुळवता येतो.