साम्सो बेटाचा घडीचा नकाशा : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

भंडारा जिल्ह्याच्या लाखनी तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयासाठी मी गेल्या दिवाळीत डेन्मार्कमधील साम्सो या बेटाचा मोठा घडीचा नकाशा मागवला. माझा पुतण्या नोकरीनिमित्त ऑर्हुस शहरात राहतो, त्याने तो तिथल्या एका दुकानातून आणला आणि प्रवासातली नासधूस टळावी म्हणून प्लास्टिकच्या नळीत गुंडाळून दिला. नकाशा ग्रामपंचायतीच्या सभागृहात लावून आता आठ महिने झाले आहेत. या काळात शाळेतील मुले, बचत गटातील महिला आणि पंचायतीचे सदस्य या सर्वांनी तो वापरला असल्यामुळे मला त्यावर जबाबदारीने लिहिता येईल असे वाटते.

हेच बेट का निवडले, हे आधी सांगतो. साम्सो ही डेन्मार्कमधील एक स्वतंत्र नगरपालिका असून तिचे क्षेत्रफळ सुमारे ११४ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या ३,७०० च्या आसपास आहे. आमच्या एका गावाची लोकसंख्या अडीच हजार असल्याने, आमच्यासारख्या दीड गावाएवढी माणसे एक संपूर्ण नगरपालिका कशी चालवतात, हा प्रश्न आम्हाला जवळचा वाटला. शिवाय १९९७ साली तिथल्या सरकारने घेतलेल्या स्पर्धेत हे बेट अक्षय ऊर्जेचे बेट म्हणून निवडले गेले आणि पुढील दहा वर्षांत त्यांनी ते काम करून दाखवले. आमच्या पंचायतीच्या छतावर सौर पाट्या बसवाव्यात की नाही, यावर दोन ग्रामसभा खर्ची पडल्यानंतर मला त्या बेटाचे चित्र लोकांसमोर ठेवावेसे वाटले.

भूगोलाच्या बाबतीत हा नकाशा उत्तम आहे. एकास पन्नास हजार या प्रमाणामुळे दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर होतो आणि बेट कागदावर हातभर लांब दिसते. जटलँडचा द्वीपकल्प आणि झीलंड बेट यांच्यामध्ये, कॅटेगॅट समुद्रात ते उभे पसरलेले आहे. उत्तरेकडे हिमयुगात हिमनद्यांनी आणून टाकलेल्या मातीच्या टेकड्या आहेत, पण सर्वांत उंच असलेली बालेब्येर टेकडीही अवघी ६४ मीटरची आहे. दक्षिणेकडे सपाट शेतजमीन असून तिथला लवकर निघणारा बटाटा डेन्मार्कभर प्रसिद्ध आहे. समोच्चरेषा, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, इतक्या बारीक आणि स्वच्छ छापल्या आहेत की सातवीच्या मुलांना त्या शिकवण्यासाठी मला दुसरे साधन लागले नाही.

मुलांचे बोट मात्र नेहमी बेटाच्या कमरेवर जाऊन थांबते. तिथे बेट इतके अरुंद झाले आहे की व्हायकिंग काळातील लोकांनी एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत कालवाच खणला होता. कान्हावे नावाचा हा कालवा सुमारे ५०० मीटर लांब आणि ११ मीटर रुंद होता. त्याच्या काठाला लावलेल्या लाकडांतील वार्षिक वाढीच्या वर्तुळांवरून तो इ. स. ७२६ मध्ये बांधला गेल्याचे निश्चित झाले आहे. पूर्वेकडील स्टाउन्स फियोर्ड या खाडीच्या शांत पाण्यात थांबलेल्या नावांना पश्चिम समुद्रात उतरण्यासाठी बेटाला वळसा घालावा लागू नये, ही त्यामागची सोय होती. आमच्या भागातील मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांनी बांधलेल्या, तलावांचे पाट लहानपणापासून पाहणाऱ्या मुलांना हे समजावून सांगावे लागले नाही.

आता उणिवांकडे येतो. स्थानिक कारभार समजून घेण्यासाठी नकाशा लावावा, तर त्यावर नगरपालिकेची हद्दच दाखवलेली नाही. बेट म्हणजेच नगरपालिका, असे प्रकाशकाने गृहीत धरले असावे, पण त्यामुळे आमची एक मोठी चूक झाली. साम्सोच्या पश्चिमेला टूनो नावाचे लहान बेट आहे, ते याच नगरपालिकेत येते असे मी मुलांना महिनाभर सांगत होतो. प्रत्यक्षात टूनो हे समोरच्या किनाऱ्यावरील ऑडर नगरपालिकेचे आहे. पुतण्याने फोनवर हे लक्षात आणून दिल्यानंतर मी लाल पेनाने समुद्रातून रेघ ओढली आणि मुलांसमोर चूक कबूल केली. गावाची शीव कुठे संपते हे ज्या कागदावरून कळत नाही, तो कागद पंचायतीच्या कामाला अपुरा पडतो.

दुसरी उणीव याहून गंभीर आहे. किनाऱ्यावरील आणि समुद्रातील पवनचक्क्या नेमक्या जागी दाखवल्या आहेत, पण त्या कोणाच्या मालकीच्या आहेत याचा उल्लेख कुठेच नाही. जमिनीवर प्रत्येकी एक मेगावॅटच्या ११ चक्क्या २००० साली उभारल्या गेल्या. त्यांपैकी ९ शेतकऱ्यांच्या खाजगी मालकीच्या आणि २ लोकांनी भाग घेऊन सहकारी तत्त्वावर उभ्या केलेल्या आहेत. दक्षिणेकडील समुद्रात २००३ साली प्रत्येकी २.३ मेगावॅटच्या १० चक्क्या बसल्या आणि त्यांतल्या ५ नगरपालिकेने स्वतः घेतल्या. एवढ्या लहान लोकसंख्येची नगरपालिका समुद्रात पवनचक्क्या विकत घेते, ही या बेटाची सर्वांत मोलाची गोष्ट आहे. आम्ही रंगीत टाचण्या लावून ही मालकी दाखवली, तेव्हा कुठे पंचायतीचे सदस्य खुर्चीवरून उठून नकाशाजवळ आले.

तीच अडचण नौकेची. पश्चिमेकडील सेल्विग बंदरापासून जटलँडवरील हाउ बंदरापर्यंत तुटक रेघ काढली आहे. मात्र त्या मार्गावर २०१५ पासून धावणारी, द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालणारी 'प्रिन्सेसे इसाबेला' ही नौका नगरपालिकेच्याच मालकीची आहे, हे रेघेवरून कळत नाही.

म्हणून मी एक हस्तलिखित तक्ता तयार करून नकाशाच्या उजव्या बाजूला चिकटवला. १ जानेवारी २००७ रोजी डेन्मार्कमधील २७१ नगरपालिकांच्या ९८ करण्यात आल्या आणि जुने जिल्हे जाऊन ५ प्रदेश आले, हे त्यात सर्वांत वर आहे. साम्सो तेव्हाही स्वतंत्र राहिली आणि ती मध्य जटलँड प्रदेशात मोडते. रुग्णालये प्रदेशाकडे, तर शाळा, पाळणाघरे, वृद्धांची सेवा, ग्रंथालय आणि गावचे रस्ते नगरपालिकेकडे असतात. त्यासाठी नगरपालिका रहिवाशांच्या उत्पन्नावर स्वतः कर आकारते, ज्याचा दर देशात सरासरी २५ टक्क्यांच्या आसपास असतो. निवडणूक दर चार वर्षांनी नोव्हेंबरमध्ये होते आणि महापौराची निवड सदस्य आपल्यातूनच करतात. सरपंच थेट निवडावा की सदस्यांतून, यावर आपल्याकडे नियम वारंवार बदलले असल्याने या ओळीवर गावात सर्वाधिक चर्चा झाली.

बचत गटातील महिलांना ट्रानेब्येर या मुख्य गावाजवळचे लहान चिन्ह महत्त्वाचे वाटले. तिथे गव्हाच्या काडाचे भारे जाळून पाणी तापवतात आणि ते जमिनीखालच्या नळांतून घराघरांत पोहोचवतात. हे ऐकून एक काकू म्हणाल्या, "गुरुजी, आमी तं तणस (भाताचा पेंढा) ढोराईले घालतो, उरलं तं बांधीतच (भाताच्या शेतातच) जाळतो. तेथी तिच्यानं घरं तापवतेत का?" त्या प्रश्नानंतर अर्धा तास केवळ तणसीवर बोलणे झाले.

कागद जाड आणि छपाई टिकाऊ आहे, परंतु घड्यांवर तो श्रावणातच फाटू लागला. घेणाऱ्यांनी आधी लॅमिनेशन करून घ्यावे. चिन्हांची सूची डॅनिश आणि जर्मन भाषेत असल्याने मराठी पट्टी स्वतः लावावी लागते. घरपोच सुमारे अठराशे रुपये पडले. शाळेसाठी ही किंमत मला योग्य वाटते. ग्रामपंचायतीसाठी घ्यायचा असेल, तर मालकीचा आणि कारभाराचा तक्ता सोबत लावण्याची तयारी असेल तरच घ्यावा.

गेल्या आठवड्यात आठवीच्या मुलींनी आमच्या गावचे शिवार त्याच प्रमाणात ट्रेसिंग कागदावर काढले आणि साम्सोवर ठेवून पाहिले. तळहाताएवढे आमचे शिवार ट्रानेब्येरपासून पूर्व किनाऱ्यावरच्या बालेन बंदराच्या थोडे अलीकडे संपले. त्या कागदावर त्यांनी आता तलाव, शाळा, स्मशानभूमी आणि पाण्याची टाकी दाखवून प्रत्येकापुढे ते ग्रामपंचायतीचे, जिल्हा परिषदेचे की शासनाचे, हे लिहायला घेतले आहे. तलावापुढची जागा अजून रिकामी आहे आणि त्याचे उत्तर विचारण्यासाठी मुली सोमवारी ग्रामसेवकांकडे जाणार आहेत.