शिवडीचा चिखल की नेरुळचं तळं?

ऑक्टोबर ते एप्रिल या काळात मुंबईत स्थलांतरित चिखलपक्षी पाहायचे तर दोन ठिकाणं सोयीची: शिवडीची जेट्टी आणि नवी मुंबईत नेरुळचं डीपीएस (दिल्ली पब्लिक स्कूल) शाळेजवळचं तळं. दोन्ही हार्बर लाइनवर. (भांडुप पंपिंग स्टेशनचा परिसरही उत्तम, पण पहिल्या खेपेला ही दोन पुरे.) ठरवण्याआधी भरती-ओहोटीच्या वेळा बघा. ओहोटीला पक्षी उघड्या चिखलावर विखरून किडे आणि बारीक शिंपले टिपतात. भरतीला चिखल बुडाला की बरेच थवे जवळच्या उथळ तळ्यांत येऊन विसावतात.

म्हणून शिवडीला पूर्ण ओहोटीत जाऊ नका, सगळे पक्षी लांबवरचे ठिपके दिसतील. भरती पूर्ण होण्याच्या दोन-तीन तास आधी पोहोचा. चढतं पाणी त्यांना काठाकडे आणतं. जेट्टीचं तोंड पूर्वेला, त्यामुळे सकाळी ऊन डोळ्यांवर येतं आणि पक्ष्यांच्या नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. दुपारनंतर तोच प्रकाश पाठीशी असतो. अटल सेतूच्या पार्श्वभूमीवर मोठा थवा एका झटक्यात वळतो, ते दृश्य तळ्यावर मिळणार नाही. दुर्बीण मात्र हवीच.

पक्षी ओळखायला शिकायचं असेल, किंवा मुलं सोबत असतील, तर मी तळंच सुचवेन. पक्षी जवळ आणि बराच वेळ जागेवर असतात. लाल पायांचा शेकाट्या, आखूड चोचीचा चिखल्या, लांब सरळ चोचीचा पाणटिवळा शेजारी-शेजारी पाहून फरक पटकन कळतो. जेमतेम २५ ग्रॅमचा छोटा टिलवा आर्क्टिकच्या टुंड्रातून इथवर येतो, हे त्याच्याकडे पाहून खरं वाटत नाही. हिवाळ्यात बहुतेक सगळे करडे-तपकिरी असतात. एप्रिलमध्ये काहींवर विणीचा विटकरी रंग चढतो, ओळखणं सोपं होतं.

तळ्याची एक काळजी आहे. खाडीचं पाणी आत येण्याच्या वाटा तुंबल्या की ते सुकतं, शेवाळ माजतं आणि पक्षी पाठ फिरवतात. २०२४ मध्ये हे घडलं. २०२५ मध्ये राज्याने तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा द्यायचं ठरवलं, ते फार आवश्यक होतं. तरी निघण्यापूर्वी तळ्यात पाणी आहे का, हे तिथल्या कुणाला तरी विचारून घ्या.

भरती सकाळी नऊ-दहाला असेल तर नेरुळ. संध्याकाळी पाचच्या सुमारास असेल तर दुपारी अडीचपर्यंत शिवडी गाठा.