वसतिगृहाची जागा की खात्यात पैसे?

भामरागड, एटापल्लीकडून गडचिरोलीला कॉलेजसाठी येणाऱ्या आदिवासी मुलांना दोन आधार आहेत. एक आदिवासी विकास विभागाचं वसतिगृह. तिथे प्रवेश मिळाला नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना, म्हणजे बाहेर राहून शिकण्यासाठी थेट मुलांच्या खात्यात पैसे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी अशीच स्वाधार योजना आहे.

पैशांचा हिशेब आधी बघू. जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३ हजार ठरले: जेवणाला २५, निवासाला १२, निर्वाहाला ६. म्हणजे खोलीसाठी महिन्याला एक हजार! शिवाय पैसे हप्त्यांनी येतात, भाडं मात्र दर महिन्याला द्यावं लागतं.

आणि खोली मिळणंही सोपं नाही. माडिया या आदिवासी समाजातल्या एका मुलीसोबत मी खोली शोधायला फिरले. पहिल्या घरी मालकीणबाईंनी नाव विचारायच्या आधी आडनाव विचारलं, मग "आताच दिली हो खोली" म्हणाल्या. दारावरची 'भाड्याने देणे आहे' ही पाटी तशीच होती. पोरगी खाली मान घालून चपला घालत राहिली. चौथ्या घरी किल्ली मिळाली.

वसतिगृहात हा अपमान नाही. जेवण वेळेवर मिळतं, रात्री माडियात मनसोक्त बोलता येतं, वरच्या वर्गातली ताई फॉर्म भरून देते. उणीव एवढीच की गावातल्या इतर मुलांशी मैत्री कमी होते. स्वतंत्र खोलीत ती होते, हे मी पाहिलंय.

तरी पहिल्या वर्षाला मी वसतिगृहच सांगते. दुसऱ्या वर्षी, मैत्रिणी जमल्यावर, दोघी-तिघींनी मिळून खोली घ्यावी.