हायड्रॉलिक लिफ्टरची टकटक: साफ करून घेतल्यानंतरचा अनुभव

पावसाळ्याआधी माझ्या २०१४च्या रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०चे दोन्ही हायड्रॉलिक लिफ्टर (ऑइलच्या दाबानं व्हॉल्व्हची गॅप आपोआप भरून काढणारे छोटे भाग) उघडून साफ करून घेतले, त्यातला एक बदलला. तेव्हापासून गाडी रोज ऑफिसला जाते, सुट्टीला घाट चढते. इंजिन तापल्यावरची टकटक गेली ती परत आली नाही. सकाळी सेल्फ मारल्यावर दोन-चार सेकंद टिकटिक होतेच, तिचं मनावर घेऊ नका. रात्रभर गाडी उभी राहिली की लिफ्टरमधलं ऑइल थोडं निथळतं; प्रेशर आलं की आवाज बंद.

गाडी सेकंडहँड आहे. आधीच्या मालकानं ऑइलकडे लक्ष दिलेलं दिसत नाही, ड्रेन बोल्टमधून नुसता काळा गाळ पडला.

काहीही उघडण्याआधी आवाज नीट ऐका. थंडपणी खडखड आणि तापल्यावर शांत, तर संशय पिस्टनवर. हेड आणि बेंड पाइपच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणारा पाइप) जोडातून लीक असेल तर थेट सैल टॅपेटसारखंच (व्हॉल्व्हची गॅप वाढल्यासारखं) वाजतं. थंड इंजिनावर तिथे साबणाचं पाणी सोडून गाडी चालू केली की बुडबुडे सांगतात. माझा आवाज तापल्यावरही टिकून होता. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक रॉकर कव्हरवर टेकवून मूठ कानाला लावली, तर एक्झॉस्टच्या बाजूला स्पष्ट ठकठक.

एका गॅरेजवाल्यानं "टॅपेट टाइट करून देतो" म्हटलं, तिथूनच गाडी वळवली. पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडायला वर ढकलणारी दांडी) बोटांनी फिरवून टॅपेट लावायचे ते जुन्या कास्ट आयर्न बुलेटला. या इंजिनात लावायला स्क्रूच नाही, गॅप ऑइलच भरून काढतं.

म्हणून आधी ऑइल आणि फिल्टर बदलले: १५डब्ल्यू-५०, जासो एमए (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचच्या बाइकसाठीचं मानक). थोडा फरक पडला. आवाज घालवणारी बाटली ओतायचा सल्लाही मिळाला, पण त्याच ऑइलमध्ये क्लच बुडालेला असतो, तो घसरायला लागला तर कोण निस्तरणार?

शेवटी लिफ्टर बाहेर काढले. आत प्लंजर, स्प्रिंग आणि एक छोटी गोळी. सगळ्यावर मधाच्या रंगाचा चिकट थर. एकाचा प्लंजर दुसऱ्यात घालू नका, प्रत्येक आपापल्या बॉडीत बसवलेला असतो. एक्झॉस्टच्या प्लंजरवर नखाला लागेल असा ओरखडा होता, म्हणून तो लिफ्टर नवा. दोन्ही स्वच्छ ऑइलमध्ये बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत दाबत राहिलो. अंगठ्याखाली दबत असेल तर आत अजून हवा आहे.

जोडल्यावर लगेच सेल्फ मारायचा नाही. गच्च भरलेला लिफ्टर व्हॉल्व्ह उघडाच धरून ठेवतो. अर्धा तास थांबून इंजिन आधी हळूहळू हातानं फिरवलं, मग चालू केलं.

पार्टपेक्षा मजुरी जास्त लागली, तरी दोन्ही नवे घ्यायची गरज नव्हती असंच मी म्हणेन. आणि हे सगळं माझ्या गाडीतल्या जुन्या यूसीई इंजिनापुरतं. २०२०पासूनच्या जे-सिरीज इंजिनांमध्ये हायड्रॉलिक लिफ्टर नाहीत, तिथे गॅप फीलर गेजनं (मोजमापाच्या पातळ पट्ट्या) तपासून स्क्रूनं लावतात.